बॅटरीची वायर काढून डायनमो तपासू नका

सध्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतो आहे: ‘इंजिन चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी चालू राहिली तर डायनमो चांगला, बंद पडली तर खराब, नवाच बसवा.’ (डायनमो म्हणजे अल्टरनेटर, इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणारा; लातूर काय नि परभणी काय, गॅरेजात हेच नाव चालते.)

‘चालू राहिली तर चांगला’ हे विधानच मुळात चुकीचे आहे. स्टॉपची केबल ओढून बंद कराव्या लागणाऱ्या जुन्या डिझेल जिपांना सुरू झाल्यावर विजेची गरज नसते. डायनमो पूर्ण जळालेला असला तरी त्या चालतच राहतात. पेट्रोल गाडीतही एखादा डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला डायनमो इंजिनापुरती वीज देतो, बॅटरी मात्र भरत नाही.

‘बंद पडली तर खराब’ हेही खरे नाही, कारण बॅटरीचा आधार सुटला की चांगल्या डायनमोचाही विजेचा दाब (व्होल्टेज) डळमळतो. शिवाय चार्जिंग चालू असताना वायर सुटली तर दाब क्षणभर 30-40 व्होल्टपर्यंत आणि संरक्षक डायोड नसल्यास त्याहून बराच वर उसळतो. त्यात इंजिनाचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) जळाला, तर त्याच्या किमतीपुढे डायनमोचा खर्च किरकोळ वाटेल.

व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर मात्र अगदी स्वस्तात मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून हेडलाइट आणि एसीचा पंखा लावल्यावर बहुतेक गाड्यांत 13.5 ते 14.5 दिसावेत. मे महिन्यात जालना-बीडकडे हे माप सकाळच्या थंड इंजिनावर घेऊन भागत नाही, कारण डायनमोचा दाब आवरणारे रेग्युलेटर तापल्यावरच दगा देतात असे पुष्कळदा होते. अर्धा तास गाडी चालवून पुन्हा मोजावे.

‘नवाच बसवा’ याबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्या गाडीत 12.2 दिसत होते आणि एका गॅरेजात नव्या डायनमोचा भावही ठरत आला होता. बोनेट उघडून डायनमो फिरवणाऱ्या बेल्टवर बोट फिरवले, तर तो काचेसारखा गुळगुळीत झालेला होता. बेल्ट बदलताच मीटर 14.1 वर गेला. बेल्ट ठीक असेल तर डायनमोपासून बॅटरीकडे जाणारी बी-प्लसची जाड वायर, अर्थिंग आणि डायनमोतले कार्बन ब्रश पाहावेत. डायनमो उतरवण्याची पाळी त्यानंतरची.

उतरवताना मात्र इंजिन बंद करून निगेटिव्ह वायर आधी काढायचीच, कारण बी-प्लसला बॅटरीचा प्रवाह कायम असतो आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. आणि चार्ज संपलेली बॅटरी नव्या डायनमोच्या गळ्यात न मारता आधी चार्जरवर लावावी.