पहिली क्रूझ बुक करताय? आधी डेक प्लॅन उघडा

सुट्ट्या जवळ आल्या की घोडबंदरपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर क्रूझची पॅकेजं फिरायला लागतात. बाल्कनीचा फोटो बघून लोक पैसे भरतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या क्रूझला बाल्कनीवर पैसे घालू नका. दोन रात्रींची फेरी घ्या, साधी इनसाइड, म्हणजे खिडकी नसलेली, खोली घ्या आणि वाचलेल्या पैशांत आजी-आजोबांना सोबत न्या.

जहाजावर खोली कशी आहे यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. बागेतला सी-सॉ आठवा. दोन्ही टोकं वरखाली होतात, मधला भाग जवळजवळ स्थिर राहतो. जहाजाचंही तसंच. शिवाय जितकं वर जाल तितका डोल जास्त जाणवतो. जहाजाला पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात, ते डावी-उजवीकडचा डोल कमी करतात, पण नाळेचं, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचं, वरखाली होणं त्यांना थांबवता येत नाही. म्हणून अगदी वरच्या डेकवरची, टोकाची महागडी खोली सगळ्यात जास्त हलते. ज्याला बस घाटात लागते त्याच्यासाठी मधली, खालच्या डेकवरची खोलीच बरी.

डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा, कंपनीच्या साइटवर असतो. आपल्या खोलीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे खोल्याच आहेत ना ते बघा. डोक्यावर पूल असला तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात, खाली डिस्को असला तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. लिफ्टपासून चार-पाच दारं लांब असावं. आजींना चालायला कमी आणि गर्दीचा गलकाही नाही. ‘गॅरंटी’ नावाचा स्वस्त दर दिसला तर सोडून द्या. त्यात खोली कंपनी ठरवते आणि कुटुंब दोन टोकांना विखुरलं जाऊ शकतं.

चौघांच्या खोलीत तिसरा-चौथा पलंग बहुधा भिंतीतून किंवा छतातून खाली येतो, त्यावर शिडीने चढावं लागतं. तो ना आजोबांच्या कामाचा, ना चार वर्षांच्या मुलाच्या. समोरासमोरच्या दोन इनसाइड खोल्यांचा भाव जरूर विचारा. दोन बाथरूम मिळतात, सकाळी त्याचीच खरी किंमत कळते. बाथरूमला उंच उंबरठा असतो आणि इनसाइड खोलीत दिवा घालवला की मिट्ट काळोख. छोटा बॅटरीचा दिवा न्या. भिंती बहुतेक पोलादी असतात, म्हणून लोहचुंबकाचे चार-पाच हुक नेले तर ओले टॉवेल, टोप्या सगळं टांगता येतं.

जाहिरातीतला आकडा पूर्ण नसतो. पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी वर चढतात, आणि सर्व्हिस चार्ज बहुधा माणशी, रात्रीगणिक लागतो. ‘मुलं फुकट’ असलं तरी मुलांचे हे पैसे लागतात का, ते लेखी विचारा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ आणि 24 आठवड्यांपुढची गर्भवती घेत नाहीत. हे बुकिंगआधी बघायचं, धक्क्यावर नाही.

अरबी समुद्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात शांत. मेच्या उत्तरार्धात लाटा वाढू लागतात. समुद्र लागण्याची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, ती आधी घ्यायची. मुलांना आणि बीपीच्या रुग्णांना डॉक्टरांना विचारूनच. पोट रिकामं ठेवू नका, आलेपाक जवळ ठेवा, मळमळलं तर उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. कानाला हालचाल कळते पण खोलीच्या स्थिर भिंती बघणाऱ्या डोळ्यांना कळत नाही, त्या गोंधळाने मळमळतं. मुलांची परीक्षा घ्यायची असेल तर महिनाभर आधी गेटवेहून मांडव्याला लाँचने जाऊन या. लाँच क्रूझपेक्षा खूपच जास्त हलते.

मुंबईहून जहाज सुटतं बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवरून, भाऊच्या धक्क्यावरून नाही. टॅक्सीवाल्याला नीट सांगा. ठाण्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस, मग ईस्टर्न फ्रीवेने पी. डिमेलो रोडला उतरता येतं. उलवे-पनवेलकडून अटल सेतू सोयीचा. लोकलने सीएसएमटी आणि पुढे टॅक्सी हेही उत्तम, फक्त रविवार असेल तर मेगाब्लॉक बघून निघा. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हवं, लहान मुलांचंसुद्धा, आणि त्यावरचं नाव तिकिटाशी तंतोतंत जुळलं पाहिजे.

मोठ्या बॅगा धक्क्यावर द्याव्या लागतात, खोलीत पोचायला काही तास लागतात. म्हणून औषधं, चार्जर, मुलांचा एक जोड आणि पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत. इस्त्री, केटल, एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, काढून घेतात. समुद्रात आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नाही, म्हणून हा नियम आहे.

सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं याची तालीम, चुकवू नका, ही कळकळीची विनंती. 13 जानेवारी 2012 ला इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं, 32 माणसं गेली; त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला: ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हायला हवं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण मुलांना पाठ करून द्या. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट खोलीत नसेल तर खोलीची व्यवस्था बघणाऱ्या स्टुअर्डकडून तेव्हाच मागून घ्या.

किनारा मागे पडला की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल चढतं. जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसं चालत नाही. जैन किंवा उपवासाचं जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा.

गोव्याची फेरी असेल तर जहाज मुरगावला लागतं, पणजी तिथून साधारण 30 किलोमीटर. हाताशी काही तासच असतात. एकाच दिवसात कळंगूट आणि जुनं गोवं दोन्ही करू नका. जवळचा बोगमाळोचा किनारा मुलांना पुरतो. स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

शेवटच्या रात्री बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा, मगच चेन लावा. खर्चाचा हिशेबही त्याच रात्री रिसेप्शनवर तपासून घ्या. सकाळी तिथे मोठी रांग असते.