काका, तुमचे अडीच टक्केपण जास्तच निघाले

नमस्कार काका. माझ्या फ्लॅटच्या पोस्टवरची तुमची कमेंट वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू, मग एक्सेल उघडली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका बँकेतून रिटायर झालेत आणि त्यांचं म्हणणं असं की "भाड्याने द्यायला एक फ्लॅट घेऊन टाका, हप्ता भाड्यातून निघतो" असं लिहून मी तरुण पोरांची दिशाभूल करतेय, भाड्यातून घराच्या किमतीच्या अडीच टक्केपण सुटत नाहीत, एफडीत सात मिळतात ते डोक्याला ताप न होता, आणि भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही.

तर हिशोब. कोथरूडचा माझा वन बीएचके २०१८ ला रिसेलमध्ये ४६ लाखांना घेतला, त्यावर ६ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे पावणेतीन लाख, रजिस्ट्रेशनचे ३० हजार आणि बाथरूम-किचन उकरून नवीन केलं त्याचे दोनेक लाख, असा ५१ लाखांना पडला. आज भाडं २० हजार. पोस्टमध्ये मी २० गुणिले १२ करून मोकळी झाले होते, ती चूकच. खरं वर्ष असं जातं की एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला यात महिना रिकामा जातो, म्हणजे आले २ लाख २० हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला १८००, वर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते; हे सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाहीत, सेक्रेटरी जास्त मागत असेल तर भांडा). प्रॉपर्टी टॅक्स ११ हजार, कारण पुणे मनपाची ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांना आहे, भाड्याने दिलं की गेली. रंग, ब्रोकर, गीझर, नळ मिळून धरा २० हजार. उरले १ लाख ६५ हजार. आणि भागायचं आजच्या किमतीने, कारण आज विकला तर ७५ लाख येतील आणि ते दुसरीकडे लावता येतील. झाले २.२ टक्के, तेपण इन्कम टॅक्सच्या आधी. घ्या.

हप्त्याचं तर बोलायलाच नको. ३४ लाखांचं लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता साडेएकोणतीस हजार, आणि तेव्हा भाडं होतं साडेपंधरा. म्हणजे पहिल्या दिवसापासून महिन्याला १४ हजार खिशातून. सात वर्षांत पंचवीसएक लाख भरले आणि मुद्दल कमी झालं जेमतेम सव्वासहा लाख. हे स्टेटमेंट मी नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला प्रिंट चुकलीय.

आणि २०२०. माझ्याकडे तेव्हा इंजिनिअरिंगची तीन मुलं होती, लॉकडाऊन लागायच्या आधल्या आठवड्यात गावी गेली ती सामान तसंच ठेवून. सरकारने एप्रिलमध्ये सांगितलं की घरमालकांनी तीन महिने भाडं पुढे ढकलावं, मी ढकललं, मग जूनमध्ये एकाच्या वडिलांचा फोन आला की ताई दुकान बंद आहे, काय करायचं. काय बोलणार? डिपॉझिटमधून दोन महिने वळते केले आणि बाकी सोडून दिलं. घर सात महिने तसंच पडून, मेंटेनन्स चालू, हप्ता चालू. मोरॅटोरियम (हप्ते काही महिने पुढे ढकलायची सवलत) होतं पण घेतलं नाही, व्याज चढतच राहतं त्यात. त्याच मार्चमध्ये बाजार पडला म्हणून मी घाबरून एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी रक्कम) मात्र पटकन बंद केली होती. चालू ठेवली असती तर ती फ्लॅटच्या पुढे गेली असती हे मला माहितीय, पण माझ्याच्याने राहिली नाही ना चालू! हप्ता असा कायमचा बंद करायची सोय नव्हती म्हणून तो राहिला. ज्याची एसआयपी अशा वेळी टिकते त्याने फ्लॅटच्या नादी लागू नये.

आता तुमचं एक पटलं नाही. भाडेकरू निघत नाही ही पगडीच्या (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर कायम राहायचं) आणि जुन्या बॉम्बे रेंट ॲक्टच्या काळातली धास्ती आहे. आता लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीपुरता राहायच्या परवानगीचा करार) असतं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मुदत संपली की जागा सोडावी लागते, नाही सोडली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट भाड्याची तरतूद आहे. पण करार रजिस्टर हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची. नोटरीवर भागवणारे अजून ढिगाने आहेत, ते अडकतात आणि मग कायद्याला शिव्या देतात.

एफडीबद्दलपण, सात टक्क्यांवर सगळा टॅक्स लागतो, भाड्यातून ३० टक्के टॅक्स लावायच्या आधी वजा होतात. पण तो फरक इतका मोठा नाही की त्यावर वाद जिंकावा. तुमच्या वयात मीपण एफडीच करेन, जिने चढून नळ कोण बघणार.

पोस्ट आज दुरुस्त केलीय. "हप्ता भाड्यातून निघतो" हे वाक्य काढलंय, आणि नवीन मुलांसाठी एवढं टाकलंय की भाडं आणि हप्ता यातला फरक सहा महिने आधी नुसता बाजूला टाकून बघा, जमतंय का. जुन्या टॅक्स रेजिममध्ये भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंत वजा होतो, नवीन रेजिममध्ये तो होत नाही, तेपण लिहिलंय, कारण अजून बरेचजण टॅक्स वाचेल म्हणूनच घर बघायला निघतात.

आणि तुम्ही बँकेतले म्हणून विचारते. लोनचे अजून सत्तावीस-अठ्ठावीस लाख बाकी आहेत, व्याजदर फ्लोटिंग (बदलता) आहे म्हणजे प्रीपेमेंट चार्ज नाही, दिवाळीला तीन लाख बोनस आला तर ते मुद्दलात टाकू की यावेळी परत एसआयपी? टाकले तर हप्ता कमी करून घेऊ की वर्षं?