फॅन क्लचला भोकं पाडणं बंद करा

तीन बोल्ट! फॅन क्लच, म्हणजे रेडिएटरचा पंखा गरजेपुरताच जोरात फिरू देणारी जोडणी, तिच्या अंगात ड्रिलनं आरपार तीन भोकं पाडली, त्यात सहा एमएमचे तीन बोल्ट घातले, मागून नट आवळले, पंखा ‘डायरेक्ट’ केला, म्हणजे सतत पूर्ण वेगानं फिरेल असा जखडून टाकला, आणि गाडी मालकाच्या हवाली केली. “अब कभी गरम नहीं होगी भिया.” आज सकाळी इंदूरच्या देवास नाक्याजवळ त्या पिकअपचं बॉनेट उघडलं तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. बोल्टसुद्धा एका मापाचे नाहीत. दोन सारखे, तिसरा चांगला बोटभर लांब, त्याला दोन वॉशर घालून भरती केलेली. हजारो आरपीएमनं फिरणाऱ्या वस्तूला! एका अंगाला वजन जास्त, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला वॉटर पंपाच्या शाफ्टला हिसका. पंपाखालच्या बारीक भोकातून पाणी झिरपून ब्लॉकवर गंजाचा तांबडा ओघळ वाळलाय. पातं धरून हलवलं तर पुलीसकट सगळं डुलतं. आणि एक पातं मुळापासून तुटून रेडिएटरमध्ये घुसलेलं, विळीवर काकडी चिरावी तशी त्याची जाळी अर्धगोल चिरलेली. मागे कांदा भरलेला, खलघाटहून चोइथराम मंडीला निघालेली गाडी, गणेश घाटाचा चढ आणि मे महिन्यातली दुपार. तिथून टोचन लावून आणली.

डायरेक्ट करायचं म्हणजे नक्की काय करता, हे करणाऱ्याला तरी कळतं का? क्लच थंड असतो तेव्हा पंखा त्याला मिळणाऱ्या वेगाच्या जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्श्यानं फिरतो. तापला की 80-90 टक्के. शंभर कधीच नाही, आणि ते मुद्दाम ठेवलेलं आहे, कारण पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. ती ताकद कुठून येणार? इंजिनातूनच, म्हणजे मालकाच्या डिझेलमधून. सपाट रस्त्यावर 80 च्या वेगानं गाडी पळत असताना समोरची हवाच रेडिएटरला पुरते, तिथं पंखा गरगर फिरवून काय साधतं? ॲव्हरेज पडतं, गाडीचा उठाव जातो, बेल्ट झिजतो, पंपाची बेअरिंग बसते, आणि पात्यांच्या मुळाशी बारीक तडे जायला लागतात. ते तडे कुणी बघत नाही. पातं उडतं तेव्हाच कळतं. त्या वेळी कुणी बॉनेट उघडून इंजिनवर वाकलेलं असतं तर? ते पातं रेडिएटरलाच शोधत जाईल असं काही नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर एक क्लच तपासायला पाच मिनिटं द्यायची नाहीत म्हणून. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की चांगला क्लच मिनिट-दोन मिनिटं गुरगुरतो, मग आवाज बसतो. तो आवाज महिनोन्‌महिने आलाच नसेल तर क्लचच्या पोटातलं, पंख्याला ओढून फिरवणारं सिलिकॉन तेल गेलंय असा संशय घ्यायचा. क्लचच्या तोंडाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते, तिच्या आसपास ओली काळी माती आणि बाहेरच्या कडेकडे फाकलेले तेलाचे पट्टे दिसले तर संशयही नको, गळतोय. पात्याचं टोक धरून मागे-पुढे ढकलायचं, सहा मिलिमीटरहून जास्त हललं तर बेअरिंग संपली. मग इंजिन पूर्ण गरम करायचं, बंद करायचं, चावी खिशात टाकायची आणि पंख्याला हातानं झटका द्यायचा. तेलाची ओढ लागून फेऱ्या-दीड फेऱ्यात थांबला पाहिजे. भिंगरीसारखे चार-पाच फेरे मारत राहिला तर क्लच मेला. उलट, गरम काय आणि थंड काय, जागचा हलतच नसेल तर जाम झालाय. झालं! कसला स्कॅनर नाही, कसलं मशीन नाही. फिरत्या पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून बघणारे वीर अजून आहेत, त्यांनी आपली बोटं मोजून ठेवावीत. आणि ज्या गाडीत जोडीला विजेचा पंखाही आहे त्यात बॅटरीची तार काढल्याशिवाय हात घालू नका, तो चावी काढल्यावरही सुरू होऊ शकतो.

ही पाच मिनिटं न देता काय करतात? आधी रेडिएटर उतरवतात. मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, काढून फेकतात, “इसकी जरूरत नहीं अपने यहां.” कोण म्हणतं? बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा त्याचीच खालची ताटली बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. ती काढली की अर्धं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं. म्हणजे हिवाळ्यात सकाळी गाडी तापत नाही आणि घाटात उकळते, दोन्ही दुखणी एकदम. मग इंजिनाचं हेड उतरवतात. फेसिंग, गॅस्केट, दोन दिवस गाडी उभी, हप्ता चालूच. पुन्हा घाट आला की पुन्हा तापमानाचा काटा वर. सपाटीला ठीक आणि चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, भरल्या गाडीत तापते, एसी गाडी पळताना थंड आणि सिग्नलला उभं राहिलं की गरम हवा फेकतो, एवढं ड्रायव्हर तोंडानं सांगतोय! ऐकून तरी घ्या ना त्याचं!

पाण्याबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. बोरिंगचं पाणी ओतायचं आणि ‘कूलंट वगैरे चोचले आहेत’ म्हणायचं. तिकडे जलूदहून नर्मदेचं पाणी एवढं वर चढवून इंदूरला आणलंय, पण तेही रेडिएटरसाठी नाही. क्षार काढून शुद्ध केलेलं पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, एवढं सोपं आहे. क्षारांचा थर नळ्यांत आतून बसला की पाण्याची उष्णता बाहेर हवेला मिळत नाही. आणि क्लचची ती पट्टी पाण्याला शिवत नाही, ती रेडिएटरमधून येणाऱ्या हवेवर चालते. हवा तापली तर पट्टी फिरणार, आतली झडप उघडणार. पाणी उकळतंय, हवा कोमट, क्लच झोपलेला, आणि शिव्या कुणाला? क्लचला! कापसाचं भुसकट, किडे, धूळ एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत नमद्यासारखी दाटते, तेव्हा हवाच ओढली जात नाही. समोरून पाणी मारून ती निघत नाही. दोन्ही वेगळे करून, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, कमी दाबानं धुवावं लागतं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर तर कुणी उलटून बघतच नाही. 0.9 बारचं झाकण धड असेल तर साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलं की इंदूरच्या उंचीवर ते 98 लाच उकळतं. वीस अंश घालवले एका रबरापायी.

वर पुन्हा ग्रिलसमोर एलईडीचा बार, दोन-दोन भोंगे, लोखंडी गार्ड, त्यावर नावाची पाटी. हवा येणार कुठून? आणि पंख्याभोवतीचं ते प्लॅस्टिकचं कडं, श्राउड, ते एकदा काढलं की परत बसवायचंच नाही, ही कुठली पद्धत? त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढत नाही, आजूबाजूची तीच तापलेली हवा घुसळत बसतो. चार बोल्ट लावायचा कंटाळा, आणि क्लचमध्ये तीन घालायला मात्र उत्साह!

क्लच काढायची रीतही तीच. काही इंजिनांत त्याचा मोठा नट पंपाच्या शाफ्टवर उलट्या आट्यांचा असतो, काहींत सुलट्या. आधी बघायचं, पुली धरून ठेवायला साधं अवजार मिळतं ते लावायचं, मग पाना. आमच्याकडे छिन्नी आणि हातोडी. प्रत्येक घाव पंपाच्या बेअरिंगवर. आणि क्लचमध्ये इंजिन ऑइल भरणाऱ्यांना काय म्हणावं? त्यात सिलिकॉन तेलच लागतं, तेही ज्या जाडीचं सांगितलंय त्याच जाडीचं. नव्या गाड्यांत तर क्लचला वायर येते, त्याचा हुकूम संगणकाकडून येतो. तिथं ती वायर पात्याला घासून तुटली का आणि कनेक्टरमध्ये पाणी गेलं का हे आधी बघा. तिथंही ड्रिल चालवलेलं मी पाहिलंय.

दुकानदारही काही कमी नाहीत. नवे क्लच फळीवर आडवे, एकावर एक थापीसारखे रचलेले. असा तेलावर चालणारा (व्हिस्कस) क्लच गाडीत असतो तसाच उभा ठेवायचा असतो. आडवा पडला की तेल सीलमधून किंवा बेअरिंगकडे उतरतं, आणि ग्राहक कोऱ्या डब्यातून मेलेला क्लच घरी नेतो. महिन्याभरात गाडी पुन्हा गरम, आणि मिस्त्री म्हणतो, “देखा, नया भी नहीं चलता, डायरेक्ट ही सही है.” घेताना डबा उघडायला लावा. पट्टीभोवती तेलाचा ओलावा दिसला तर तिथंच परत द्या, आणि नेताना सीटवर उभा ठेवून न्या.

त्या पिकअपला आता क्लच तर हवाच, शिवाय पंखा, पंप, बेल्ट, रेडिएटर आणि हरवलेलं श्राउड. घाटात काटा किती वर गेला होता ते ड्रायव्हरला सांगता येत नाही, कारण काटा महिन्यापासून बंद आहे. म्हणजे हेड तापून वाकलंय का तेही त्यावर सरळ मोजपट्टी लावून बघायचं. मालक दोन तास टायरवर बसून होता. नवा क्लच बसवल्यावर पहिली काही मिनिटं पंखा मोठ्यानं गुरगुरेल, आतलं तेल जागेवर जाईपर्यंत. त्या आवाजाला घाबरून कुणी गाडी पुन्हा त्याच गॅरेजात नेऊ नका.