चूक लगेच उचलली, उतारा चाळीस वर्षांनी

आम्हा आयटीवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "रिसर्चवाल्यांना काय कळतंय? दोन महिने प्रॉडक्शन सपोर्टला, म्हणजे चालू सिस्टीममधले बिघाड निस्तरायला बसवा, मग बोला." पुण्यात हे इतक्यांदा कानावर पडलंय की मी वाद घालणं सोडून दिलं होतं. पण परवा एका ग्रुपवर कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं की वॉटरफॉल, म्हणजे एक टप्पा पुरता संपवूनच पुढच्यावर जायची सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत, हे जुन्या संशोधकांनी आपल्या गळ्यात अडकवलेलं लोढणं आहे. मग मात्र राहवेना.

वॉटरफॉलचं खापर ज्यावर फुटतं तो विन्स्टन रॉइस यांचा १९७० सालचा लेख जेमतेम अकरा पानांचा आहे. अंतराळयानांच्या मोहिमा आखणं, यानाला आज्ञा देणं, उड्डाणानंतरची आकडेमोड करणं, असल्या सॉफ्टवेअरमध्ये नऊ वर्षं घालवलेल्या माणसाने तो लिहिलाय. म्हणजे सपोर्टला बसलेलाच माणूस म्हणा ना. सुरुवातीच्या पानांतच ती प्रसिद्ध आकृती येते: आधी गरजा, मग विश्लेषण, मग डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, एकाखाली एक उतरत्या पायऱ्या. आणि लगेच पुढे रॉइस सांगतात की हे असंच राबवणं धोक्याचं आहे, अपयशाला आमंत्रण आहे. कारणही देतात. वेळेचं गणित, मेमरी, इनपुट-आउटपुट हे सगळं प्रत्यक्षात कसं वागतं ते टेस्टिंगला आल्यावरच पहिल्यांदा कळतं. तिथे बिनसलं तर पुन्हा डिझाइनपासून सुरुवात, आणि वेळ किंवा खर्च शंभर टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणून आधी एक छोटी आवृत्ती बनवून बघा, असा त्यांचा सल्ला. तीस महिन्यांचं काम असेल तर त्यातले दहा महिने या रंगीत तालमीला द्या. गिऱ्हाइकाला सुरुवातीपासून सोबत घ्या. "वॉटरफॉल" हा शब्द त्या अकरा पानांत कुठेही नाही.

लोकांनी आकृती घेतली आणि खालचा मजकूर सोडून दिला. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअरसाठी जे मानक काढलं, त्यातही हाच उतरता क्रम मुरलेला होता. तिथून तो कंत्राटांत, कंत्राटांतून प्रोजेक्ट प्लॅनमध्ये आणि शेवटी आपल्या एक्सेल शीटमध्ये आला. यात संशोधकाचा काय दोष?

दुसरं उदाहरण याहून झणझणीत आहे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली आल्गॉल डब्ल्यू या प्रोग्रामिंग भाषेसाठी नल रेफरन्स आणला, म्हणजे कशाकडेच बोट न दाखवणारा रिकामा निर्देश. का, तर करायला सोपा होता म्हणून. २००९ साली त्यांनी जाहीरपणे त्याला आपली "अब्ज डॉलरची चूक" म्हटलं. ज्याने कधी रात्री दोन वाजता नल पॉइंटर एक्सेप्शनचा, म्हणजे या रिकाम्या निर्देशाने प्रोग्राम कोसळल्याचा लॉग चाळलाय त्याला हा आकडा कमीच वाटेल. आता गंमत बघा. याच्यावरचा इलाज, म्हणजे "इथे किंमत नसूही शकते" हे टाइपमध्येच (किंमत कोणत्या प्रकारची, त्या नोंदीतच) लिहायचं आणि कंपायलरने, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, ते तपासायचं, हा रॉबिन मिल्नर यांच्या एमएल भाषेच्या घराण्यात कित्येक वर्षं सुखाने नांदत होता. जावा १९९५ साली आली, तिने नल घेतला, इलाज घेतला नाही. हा इलाज "ऑप्शनल" या नावाने जावाला मिळायला २०१४ उजाडलं. तो घेऊनच आलेली स्विफ्ट भाषाही त्याच वर्षीची, कोटलिन तर त्यानंतर स्थिरावली. गार्बेज कलेक्शनचंही, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करण्याचंही तसंच. लिस्प भाषेसाठी जॉन मॅकार्थी यांनी ते १९६० च्या आसपास करून दाखवलं होतं. आपल्यापैकी बहुतेकांना मात्र ते जावाने शोधलं असंच वाटतं.

आणि पार्नास! प्रोग्रामचे तुकडे कसे पाडावेत यावरचा डेव्हिड पार्नास यांचा १९७२ चा लेख कॉलेजात "इन्फर्मेशन हायडिंग" या दोन शब्दांत उरकला जातो आणि परीक्षेत दोन मार्कांना येतो. मुळात त्यांनी घेतलेला प्रोग्राम अगदी साधा आहे, चांगला प्रोग्रामर आठवड्या-दोन आठवड्यांत लिहील असा. ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द फिरवत न्यायचे, आणि सगळ्या ओळी अक्षरानुक्रमे लावायच्या. "पुणे मुंबई रेल्वे" दिलं की "मुंबई रेल्वे पुणे" आणि "रेल्वे पुणे मुंबई" याही ओळी तयार होणार. याचे तुकडे पाडायचे दोन मार्ग ते मांडतात. एक फ्लोचार्टप्रमाणे, म्हणजे कामाच्या क्रमाने: वाचणारा मॉड्यूल (तुकडा), फिरवणारा, क्रम लावणारा, छापणारा. दुसऱ्यात प्रत्येक मॉड्यूल एक असा निर्णय पोटात ठेवतो जो उद्या बदलू शकेल. ओळी मेमरीत कशा साठवल्या हे ओळी सांभाळणाऱ्या एकट्या मॉड्यूललाच ठाऊक. मग ते विचारतात की उद्या साठवण्याची पद्धत बदलली तर काय होईल? पहिल्या मार्गात झाडून सगळ्या मॉड्यूलना हात लावावा लागतो. दुसऱ्यात एकालाच. फ्लोचार्टवरून तुकडे पाडणं जवळजवळ नेहमीच चुकीचं, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय.

आता मायक्रोसर्व्हिसेसचं, म्हणजे एका मोठ्या सॉफ्टवेअरच्या छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेस करण्याचं सांगतो. एका विमा कंपनीच्या कामात आमच्याकडे भिंतभर आकृती होती. प्रस्ताव, हप्ता, दावा, पत्रव्यवहार, प्रत्येकाची वेगळी सर्व्हिस, वेगळी टीम, वेगळा स्टँडअप (रोजची छोटी बैठक). बघणाऱ्याला वाटावं काय आधुनिक! पण पॉलिसी नंबर म्हणजे निव्वळ आकडे, हे गृहीत सगळ्यांच्या कोडमध्ये पसरलेलं. धंद्याने एक दिवस नंबरापुढे दोन अक्षरं लावायची ठरवली. शनिवारी रात्री सगळ्या टीम एकाच कॉलवर, सगळ्यांचं डिप्लॉयमेंट (नवा कोड चालू करणं) एकाच वेळी, आणि पत्रव्यवहारवाल्यांचं पीडीएफ तरीही रिकामं. पार्नासच्या लेखातलं पहिलं डिझाइन, फक्त क्लाउडवर चढवलेलं. त्यावर उपाय म्हणून रिट्रोमध्ये, म्हणजे कामानंतरच्या आढावा बैठकीत काय ठरलं? टीमटीममधला संवाद वाढवायचा.

संशोधकांची वकिली मी डोळे मिटून करत नाहीये. प्रोग्राम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध केल्याशिवाय मोठं सॉफ्टवेअर विश्वासाचं होणारच नाही, असं सत्तर-ऐंशीच्या दशकात अनेक जण ठामपणे म्हणत होते. तसं झालं नाही. खुद्द होअर यांनी १९९६ साली एका लेखाच्या शीर्षकातच विचारलं की सिद्धतेशिवाय सॉफ्टवेअर एवढं भरवशाचं झालं तरी कसं? (आपल्या आयुष्यभराच्या विषयावर असा प्रश्न जाहीरपणे विचारणारी माणसं आपल्याकडच्या परिषदांत शोधून दाखवा.) सिद्धतेचा खर्चही खराच. सेल-फोर (seL4) या छोट्या कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं, सी भाषेतलं कोड सुमारे ८,७०० ओळींचं, पण २००९ साली जाहीर झालेली त्याची सिद्धता दोन लाख ओळींच्या घरात. हे पेमेंट गेटवेला कोण करणार? आणि बढतीसाठी लिहिलेले, विद्यार्थ्यांवर प्रयोग करून उद्योगाला उपदेश करणारे पेपर पोत्याने आहेत, तेही कबूल.

पण तेच शास्त्र थोडं हलकं करून ॲमेझॉनने २०११ पासून वापरलं. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या टीएलए प्लस या डिझाइन गणिताने तपासायच्या भाषेत ॲमेझॉनवाल्यांनी आपल्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचं डिझाइन मांडलं, आणि एक असा बग सापडला जो दिसायला कमीत कमी पस्तीस पायऱ्या एका ठरावीक क्रमाने घडाव्या लागत. असला बग कुठला टेस्टर पकडणार? आपल्याकडेही टाटांनी पुण्यात १९८१ साली टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र काढलं. तिथलं व्हेरिअ‍ॅब्स हे टूल प्रोग्राम पडताळणीच्या जागतिक स्पर्धेत आपल्या गटात पहिलं आलेलं आहे. हडपसरची ही गोष्ट हिंजवडीत किती जणांना माहीत आहे?

सध्या सगळे एआयच्या कोडमागे लागलेत. मीही वापरतो आणि काम झपाट्याने होतं, यात वाद नाही. पण पीटर नाउर यांनी १९८५ साली लिहिलेलं आत्ता वाचा. हे नाउर म्हणजे १९६८ च्या जर्मनीतल्या गार्मिशच्या परिषदेच्या अहवालाचे एक संपादक, ज्या परिषदेने "सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग" हे नाव रूढ केलं. ते एका कंपायलरची हकीकत सांगतात. एका गटाने तो बनवला, दुसऱ्या गटाला वाढवायला दिला. कोड दिलं, सगळी कागदपत्रं दिली, सल्लाही दिला. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेल्या सुधारणांनी मूळ रचनेचाच कणा मोडत होता, आणि पहिल्या गटाला ते बघताक्षणी दिसलं. नाउर यांचं म्हणणं असं की प्रोग्राम खरा राहतो तो करणाऱ्यांच्या डोक्यातल्या समजुतीत. कोड आणि कागद हे त्याचे अवशेष.

मग कोड मशीनने लिहिलं, रिव्ह्यू घाईत उरकला, टेस्ट हिरव्या झाल्या आणि ही समजूत कुणाच्याच डोक्यात तयार झाली नाही, तर सहा महिन्यांनी पॉलिसी नंबर पुन्हा बदलेल तेव्हा शनिवारी रात्री कॉलवर नेमकं कुणाला घ्यायचं? आमच्या मॅनेजरला हे विचारलं. म्हणाला, पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू.