‘पॉश’ कायदा पॉश बायकांसाठी आहे, हे कोणी सांगितले?

माझी चुलत बहीण तालुक्याच्या गावी एका कापड दुकानात काम करते. मालक धरून तिथे आठ माणसे आहेत. गोदामात मालाचे गठ्ठे उतरवताना मुद्दाम अंगचटीला येणाऱ्या एका सहकाऱ्याबद्दल तिने मागच्या महिन्यात मला सांगितले, तेव्हा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या ‘पॉश’ कायद्याखाली तक्रार कर, असे मी तिला सुचवले होते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. “दादा, तो कायदा आमच्यासाठी नाहीच. तुला मेसेज पाठवलाय, वाच.”

मेसेज मी वाचला. वर जुन्या आगबोटीचे चित्र आणि खाली ‘इंग्रजी शब्दांची दडवलेली फुल फॉर्म’ या मथळ्याचे काही मुद्दे. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने मुंबईला येणाऱ्या धनिक इंग्रजांना येताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे सावलीची केबिन मिळत असे. त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम’ची चार आद्याक्षरे ठसवली जात आणि त्यातूनच ‘पॉश’ हा शब्द जन्मला, हा पहिला दावा. म्हणून ‘पॉश’ म्हणजे केवळ श्रीमंत, हा दुसरा. शेवटचा दावा असा की ‘पॉश’ कायद्याचे नावही याच शब्दावरून पडले असून तो मोठ्या शहरांतल्या कंपन्यांमधील उच्चपदस्थ महिलांपुरता आहे. हा मजकूर माझ्याकडे त्याआधीही दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी तो दुर्लक्षून सोडून दिला होता. तसे करायला नको होते.

आधी बोटीचा दावा. असे शिक्क्याचे एकही तिकीट आजवर कोणाला दाखवता आलेले नाही. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाने ही व्युत्पत्ती निराधार ठरवली आहे आणि त्यासाठी नौकानयनाच्या इतिहासाला वाहिलेल्या ‘मरिनर्स मिरर’ या नियतकालिकात १९७१ साली आलेल्या टिपणाचा हवाला दिला आहे. कालक्रमही जुळत नाही. पी अँड ओच्या बोटी एकोणिसाव्या शतकापासून हिंदुस्थानात येत होत्या. तरीही २५ सप्टेंबर १९१८ च्या ‘पंच’ साप्ताहिकातील एका व्यंगचित्रात तरुण वैमानिक अधिकारी आईशी बोलताना ‘पॉश’ हा शब्द वापरतो, तेव्हा तिला तो कळत नाही आणि त्याला त्याचा अर्थ सांगावा लागतो. इतकी वर्षे तो तिकिटांवर छापला जात असता, तर विलायतेतल्या सुखवस्तू घरातल्या बाईला तो परका वाटला नसता. शिवाय आद्याक्षरे जोडून बोलण्यातला शब्द बनवण्याची पद्धत इंग्रजीत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे.

एवढे मात्र मान्य करावे लागते की दिशांचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे येणारी बोट आग्नेयेकडे चालते, त्यामुळे दुपारनंतरचे ऊन उजव्या अंगाला बसते आणि डावीकडच्या केबिनी संध्याकाळपर्यंत जरा निवतात. पण केबिन थंड होती, यावरून तिकिटावर शिक्का होता हे सिद्ध होत नाही.

‘पॉश’ म्हणजे केवळ श्रीमंत, हे तर कोश न उघडताच लिहिलेले दिसते. इंग्लंडमधील रोमानी लोकांच्या भाषेत ‘पोश’ म्हणजे अर्धा. त्यावरून एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धी पेनी आणि पुढे किरकोळ पैसा, असा अर्थ रुळला. त्याच शतकाच्या अखेरीस बोलीभाषेच्या कोशात ‘नटवा, छानछोकी माणूस’ असाही अर्थ मिळतो. आजचे विशेषण यांपैकी नेमके कशातून आले, याबाबत कोशकारांनी निर्णय दिलेला नाही. पीटरबरो शहराच्या फुटबॉल संघाला त्याचे चाहते आजही ‘द पॉश’ म्हणतात. ब्रिटनमध्ये एखाद्याचे बोलणे ‘पॉश’ आहे असे म्हटले, तर त्यात वरच्या वर्गाविषयीची अढी पुष्कळदा असते. मराठीत आपण तो बोचरेपणा काढून टाकला आहे. ‘काय पॉश दिसतोयस’ ही आपल्याकडे निव्वळ वाहवा असते, आणि ‘पॉश एरिया’त घर घेतल्याचे लोक अभिमानाने सांगतात.

बातमीसाठीचा ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या आद्याक्षरांतून आल्याचा मुद्दाही मेसेजमध्ये आहे. तो शब्द ‘न्यू’चे, म्हणजे ‘नवीन’चे अनेकवचन आहे; त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

खरा राग शेवटच्या दाव्याचा आहे. कायद्याला ‘पॉश’ म्हणतात ते ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून, आणि तेही केवळ बोलण्यात. २०१३ च्या या अधिनियमाच्या अधिकृत नावात तो शब्दच नाही. प्रशिक्षणाचे वर्ग आणि भिंतीवरची पत्रके मोठ्या कार्यालयांत जास्त दिसतात, त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो, हे मी समजू शकतो. पण या कायद्याचे मूळ वातानुकूलित कार्यालयात नाही, राजस्थानातल्या भटेरी गावात आहे. तिथे शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि पुढे त्यांतूनच हा कायदा झाला.

कायद्यात घरकाम करणाऱ्या बाईचा स्वतंत्र उल्लेख आहे. असंघटित क्षेत्र त्यात आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, तिथे तक्रारी ऐकणारी त्या ठिकाणचीच अंतर्गत समिती नसली तरी तक्रारीचा मार्ग बंद होत नाही. अशा तक्रारी ऐकण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी आणि त्या स्वीकारण्यासाठी प्रत्येक तालुक्यात समन्वय अधिकारी नेमावा, अशी तरतूद आहे. हा अधिकारी सात दिवसांच्या आत तक्रार समितीकडे पाठवतो. बाईला लिहिता येत नसेल, तर तक्रार लेखी करण्यासाठी तिला मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

आठ माणसांच्या दुकानातल्या माझ्या बहिणीसाठी हे सारे शब्दशः लागू आहे, आणि एका बोटीच्या चित्राने तिला नेमके त्यापासून दूर लोटले होते. गोदामातला शेवटचा प्रसंग घडून आज अडतीस दिवस झाले आहेत. रविवारी आम्ही दोघांनी बसून तक्रारीचा मसुदा तयार केला. नियमाप्रमाणे सहा प्रती लागतात, त्या तिने काढून आणल्या आहेत, आणि साक्षीदार म्हणून दुकानातल्या आणखी एकीने आपले नाव घालायला सांगितले आहे.