होतकरू गीतकारांसाठी अर्थपूर्ण मार्गदर्शन

आपण मराठीत गाणी लिहिता आणि त्यांचे पैसे मिळावेत अशी आपली इच्छा आहे, असे कळले. यांतील पहिली गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळ लोक करतात. दुसरी मात्र चारचौघांत बोलून दाखवायला लाजतात, आणि त्या लाजेवरच आपल्या चित्रपटसंगीताचा, मालिकांच्या शीर्षकगीतांचा आणि गणपतीच्या आल्बमांचा संसार सुखाने चालला आहे. आपण लाज सोडायचे ठरवलेच असेल, तर पुढील मार्गदर्शन मनापासून वाचावे आणि त्याप्रमाणे वागून होणाऱ्या नुकसानीस आम्हांला जबाबदार धरू नये.

सर्वप्रथम नोकरी धरावी. गीतलेखनावर जगण्याचा हा सर्वांत खात्रीचा उपाय असून त्याला परंपरेचा भक्कम आधार आहे. जगदीश खेबुडकर शिक्षक होते, शान्ता शेळके प्राध्यापिका होत्या, बा. भ. बोरकर आकाशवाणीत होते आणि ना. धों. महानोर पळसखेडला शेती करीत. आपण अपवाद म्हणून ग. दि. माडगूळकरांचे नाव पुढे कराल. पण त्यांनी पटकथा लिहिल्या, संवाद लिहिले, पडद्यावर भूमिकाही केल्या. शिवाय त्यांचे नाव आपण न काढलेलेच बरे, कारण ते निर्मात्यालाही ठाऊक असते. पुणे आकाशवाणीसाठी त्यांनी १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक या गतीने ‘गीतरामायणा’ची ५६ गीते दिली, हा इतिहास निर्माता नेमका आपण मोबदल्याचा विषय काढल्यावर ऐकवतो आणि वर विचारतो, की मग तुम्हाला चार ओळींसाठी दोन दिवस कशाला लागतात.

नोकरी लागली की काम आपोआप येते. ते बहुधा रात्री दहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि त्याचे स्वरूप एका ध्वनिमुद्रित निरोपाचे असते, ज्यात संगीतकार गाडी चालवता चालवता चाल गुणगुणत असतो. चाल आधी आणि शब्द नंतर ही पद्धत आता इतकी रुळली आहे, की आधी कविता लिहून नंतर तिला चाल लावून घेणारा मनुष्य चित्रपटात दाखवायचा झाला तर धोतर नेसवूनच दाखवावा लागेल. चालीवर जे डमी, म्हणजे तात्पुरते, शब्द असतात ते हिंदी असतात आणि निर्मात्याला तोवर तेच आवडू लागलेले असतात. आपण डोळे मिटून ऐकावे. पहिली ओळ आठ-आठ मात्रांच्या दोन तुकड्यांची आहे. दुसरीच्या शेवटी गायक वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, बराच वेळ थांबणार आहे, तेव्हा तेथे आकारान्त शब्द हवा, कारण त्या उंचीवर ईकारात गळा आवळतो आणि ऊकारात तोंड मिटते. त्याच्या अलीकडे जोडाक्षर नको, कारण लय जलद आहे. शक्यतो ‘ळ’ नको, कारण गायिकेचा ‘ळ’ हमखास ‘ल’ होतो आणि पुन्हा डबिंगला बोलवायला बजेट नाही. शिवाय ओळ अशी हवी, की तिच्यावर पंधरा सेकंदांचे रील व्हावे. एवढ्या अटींतून जी जागा उरेल तीत आई वारल्यानंतर गावी परतलेल्या मुलाला घर कसे दिसते ते बसवावे, आणि सकाळी अकरापर्यंत बसवावे, कारण स्टुडिओ बारा वाजता घेतला आहे. या कामाला संगीतक्षेत्रात ‘जरा शब्द टाकून देणे’ असे म्हणतात.

पहिला मुखडा, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी, नमुना म्हणून विनामूल्य द्यावयाचा असतो. निर्मात्यांना आवडला तर पुढचे बोलू, असे सांगितले जाते, आणि हेच वाक्य त्याच रात्री आणखी चार गीतकारांना सांगितलेले असते हे आपण मनावर घेऊ नये. पाच मुखडे जमले की दिग्दर्शक त्यांतून एक सहावा तयार करतो. गाणे प्रदर्शित झाल्यावर त्यात आपली एखादी उपमा ओळखीची वाटली, तर तो योगायोग समजावा. चंद्र, पाऊस आणि पैंजण यांवर कोणाची मालकी नसते. काही संशयी स्वभावाचे लोक मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होतात आणि ओळी कोणाला पाठवण्यापूर्वी तेथे नोंदवून तारखेचा पुरावा हाताशी ठेवतात. ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, हे तिच्याविषयी वाईट मत होण्यास पुरेसे कारण आहे. मुखडा पाठवताना सोबत नोंदणी क्रमांकही दिसला, तर समोरच्या माणसाला आपण त्याच्यावर अविश्वास दाखवला असे वाटून तो बिचारा दुसऱ्या गीतकाराकडे जाईल.

आता मोबदल्याच्या बोलणीकडे वळू. येथे आपण स्वतःहून आकडा सांगू नये, कारण समोरची व्यक्तीही सांगणार नसते, आणि दोन सुसंस्कृत माणसांनी एकमेकांचा असा मान राखला की गाणे आकड्याविनाच पूर्ण होते. अगदीच राहवले नाही आणि आपण विचारलेच, तर पुढील संवादाची तयारी असू द्यावी. निर्माता म्हणतो, ‘‘सर, तुमच्यासारख्यांशी पैशाचं काय बोलायचं?’’ आपण म्हणता, ‘‘तसं नाही, पण काही तरी ठरलेलं बरं.’’ निर्माता म्हणतो, ‘‘या वेळी जरा सांभाळून घ्या, पुढचा पिक्चर मोठा आहे, सगळी गाणी तुमचीच.’’ येथे आपण भारावून गप्प बसणे अपेक्षित आहे. पुढच्या चित्रपटाचे मानधन ज्यांना मिळाले असे गीतकार आम्हांला अद्याप भेटलेले नाहीत, परंतु त्यामागे आमचा मर्यादित लोकसंग्रह हेही कारण असू शकेल. बोलणी चालू असताना आपण ध्वनिमुद्रणाच्या जागी असलात, तर सभोवार पाहून घ्यावे. स्टुडिओचे भाडे शिफ्टवर चढत असते, बासरीवाला शिफ्टचे पैसे घेऊन पुढच्या स्टुडिओत जायला निघालेला असतो, आणि चहा आणणाऱ्या मुलाला आजच्या चहाचे पैसे आजच द्यावे लागतात, नाही तर उद्या चहा येत नाही. आपण मात्र घरूनच लिहून आणलेले असते, त्यामुळे आपले काम झालेले कोणी पाहिलेले नसते. लिहिण्याच्या वेळी थोडे जास्त कण्हण्याची सवय लावून घेतल्यास उपयोग होतो का, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

मोबदल्याऐवजी शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह मिळाले तर आनंदाने स्वीकारावे. स्मृतिचिन्हावर नाव चुकले असेल तर बदलून मागू नये.

यानंतर करारपत्र येते, तेही गाणे प्रदर्शित होण्याच्या आदल्या संध्याकाळी. ते इंग्रजीत असते, लांबलचक असते, आणि ते आणणारा मुलगा दारातच उभा राहून ‘फक्त जिथे खुणा केल्यात तिथे सह्या, सर’ असे सांगतो. त्याला ताटकळत ठेवून पाने वाचत बसणे माणुसकीला धरून होणार नाही. तरीही उत्सुकता म्हणून एखादे कलम वाचलेत, तर असे आढळेल की आपण आपले सर्व हक्क, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वासाठी आणि कायमचे देऊन टाकले आहेत. ‘संपूर्ण विश्व’ हे शब्द वाचून ज्ञानेश्वरांच्या पसायदानाची आठवण व्हावी आणि सही करताना हात जड होऊ नये, असा त्यामागचा हेतू असावा.

येथे आपल्याला एका धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात २०१२ साली काही दुरुस्त्या झाल्या, आणि जावेद अख्तर राज्यसभेत असल्यामुळे तेथे गीतकारांच्या बाजूने बोलणारा मनुष्य नेमका हजर होता. तोपर्यंत सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या एका निकालाच्या आधारे निर्मात्याने पैसे देऊन लिहून घेतलेल्या गाण्याचा मालक निर्माताच, असा स्वच्छ आणि सुटसुटीत व्यवहार होता. दुरुस्तीने त्यात गुंतागुंत आणली. चित्रपटासाठी लिहिलेले गाणे चित्रपटगृहाबाहेर कोठेही वापरले गेले, तर त्याच्या स्वामित्वधनात, म्हणजे रॉयल्टीत, हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने गीतकाराचाही वाटा असतो. हा वाटा तो आपल्या वारसांना किंवा प्रताधिकार संस्थेला सोडून अन्य कोणाला देऊ शकत नाही आणि सोडूनही देऊ शकत नाही. तसे लिहून दिले असेल तर ते लिहिणेच रद्दबातल ठरते. करार करण्याच्या वेळी जे माध्यम वापरातच नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्यावरचा हक्कही जात नाही. सारांश, उदार होण्याचे आपले स्वातंत्र्य संसदेने हिरावून घेतले आहे. करारपत्र आणणाऱ्या मुलासमोर यातला एक शब्दही उच्चारू नये. कायदा ठाऊक असलेला गीतकार हा स्वभावाने कटकट्या असतो, असे या क्षेत्रात मानतात, आणि पुढच्या वेळी ‘जरा सोपं लिहिणारा कोणी तरी बघा’ असा निरोप फिरतो.

याच दुष्टचक्रातील दुसरे आमिष म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था. ती १९६९ पासून आहे, तिचे कार्यालय मुंबईतच आहे, आणि रेडिओ, वाहिन्या, हॉटेले, कार्यक्रमांचे आयोजक आणि इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या कंपन्या यांच्याकडून परवानाशुल्क गोळा करून ते सभासदांना वाटणे एवढेच तिचे काम आहे. तेथे सभासद होण्यासाठी अर्ज भरावा लागतो, बँकेचा तपशील द्यावा लागतो, आणि नंतर प्रत्येक गाण्याची, गीतकार आणि संगीतकार यांच्या नावांसह, नोंद करावी लागते. नोंद केली नाही तर गाणे वाजते पण त्याचे पैसे आपल्या नावापर्यंत पोचत नाहीत. एवढा खटाटोप करण्यापेक्षा न पोचलेलेच बरे, असा निर्णय अनेक मान्यवर कवींनी कोणाशीही चर्चा न करता घेतलेला दिसतो. शिवाय प्रताधिकार आपल्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा आपण दुर्लक्ष केले तरी नातवंडांना पुढे भांडायला विषय उरतो.

आपले गाणे हळदीला आणि वरातीत गाजत असेल, तर मात्र हार्दिक अभिनंदन. तोच कायदा लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी संबंधित समारंभ यांना सूट देतो. म्हणजे अख्ख्या तालुक्याने बेंजोच्या तालावर आपल्या शब्दांवर नाचावे, वरातीपुढे धूळ उडावी, आणि आपण त्याच वरातीत स्वखर्चाने आहेराचे पाकीट घेऊन जावे, याची तजवीज विधिमंडळी करून बसली आहेत.

नाव कोठे दिसेल, असे आपण विचाराल. ऐकण्याच्या अ‍ॅपवर गायकाचे दिसेल, कंपनीचे दिसेल, ज्याने ओठ हलवले त्या नटाचे छायाचित्र दिसेल. यूट्यूबवर वर्णनातील ‘आणखी’ या शब्दावर टिचकी मारून बरेच खाली गेल्यास, ड्रोन चालवणारा आणि भोजनव्यवस्था यांच्या आसपास आपण सापडता. तेथे आपल्याला शोधणारी पहिली व्यक्ती आपणच असाल, तेव्हा आडनावाची चूक तूर्त कोणाच्या लक्षात यायची नाही.

अलीकडे एक नवा मार्गही खुला झाला आहे. निर्माता संगणकाकडून तयार गाणे घेऊन येतो आणि म्हणतो, ‘‘एआयने सगळं लिहिलंय, सर, फक्त जरा मराठी करून द्या.’’ त्यात ‘तुझ्या डोळ्यांच्या महासागरात माझे हृदय धडकते’ अशा ओळी असतात आणि धडक नेमकी कशाला बसते, हे उकलण्यातच दोन रात्री जातात. लिहिण्यापेक्षा हे काम अवघड असते, म्हणून त्याचे निम्मे पैसे ठरतात.

एवढे वाचूनही आपला उत्साह टिकला असेल, तर आता खरी बातमी सांगण्यास हरकत नाही. महाराष्ट्रात गीतकाराला लिहिण्यापूर्वी रोख पैसे मिळतात असे एक क्षेत्र आहे, आणि ते म्हणजे नेत्याच्या वाढदिवसाचे किंवा प्रचाराचे गाणे. तेथे कोणी नमुना मागत नाही, पुढच्या चित्रपटाचे आमिष दाखवत नाही, आणि आपल्या शैलीविषयी तर चकार शब्द काढत नाही. आदल्या रात्री गाणे हवे असते आणि सकाळी ते चौकातल्या भिंतीएवढ्या स्पीकरवर वाजायचे असते, एवढी एकच अट असते. निवडणुकीत वाहिन्यांवर लावायच्या गाण्याला माध्यम प्रमाणीकरण समितीचे प्रमाणपत्र लागते आणि तेथील अर्जात निर्मितीचा खर्च लिहावा लागतो. त्या रकान्यात गीतलेखनापुढे ‘निरंक, कार्यकर्त्याचे प्रेम’ असे भरले गेले तर वाईट वाटून घेऊ नये. पाकीट मिळाले आहे ना, मग प्रेमाचा उल्लेख सहन करावा.

फक्त एक तांत्रिक पथ्य पाळावे. मुखड्यात नेत्याच्या नावाची जागा चार मात्रांची ठेवावी. दादा, भाऊ, ताई, अण्णा, आबा, बापू आणि काका ही सर्व मंडळी बरोबर चार मात्रांची आहेत, त्यामुळे एकदा बसवलेला मुखडा ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत आणि सत्ताधाऱ्यांपासून विरोधकांपर्यंत, चालीला धक्का न लावता फिरवता येतो. ‘ढाण्या वाघ’ आणि ‘विकासपुरुष’ हे शब्दही दोन्ही बाजूंना सारखेच चालतात. अडचण काय ती साहेबांची. ‘साहेब’ म्हणायला पाच मात्रा लागतात, एक मात्रा समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्याच्या, पुढे सांडते आणि सगळा मुखडा नव्याने बांधावा लागतो. त्या जादा मात्रेचे पैसे वेगळे सांगावेत; साहेबांच्या माणसांना हा हिशेब लगेच पटतो.