‘एक्स’ कुठे गेला?

लैंगिक कलाविषयीच्या लेखातलं “किन्सीच्या ० ते ६ पट्टीवर प्रत्येक जण कुठेतरी बसतोच” हे वाक्य खटकलं. अमेरिकी संशोधक आल्फ्रेड किन्सीच्या या पट्टीवर ० म्हणजे फक्त भिन्नलिंगी ओढा आणि ६ म्हणजे फक्त समलिंगी. १९४८ मध्ये खुद्द किन्सीनेच आकड्यांबाहेर ‘एक्स’ हा वेगळा गट ठेवला होता, कुणाबद्दलच तसं काही न वाटणाऱ्यांसाठी. मी त्यातलीच. कांदेपोह्यांच्या चौथ्या कार्यक्रमानंतर मावशीने ओट्याशी उभं राहून हळूच विचारलं, “मुली आवडतात का गं तुला?” नाही म्हटल्यावर बिचारीचा चेहरा आणखीच पडला!

शिवाय एकाच पट्टीवर पुरुषांकडचा ओढा वाढला की बायकांकडचा आपोआप कमी धरला जातो. हा कुठला हिशेब? मानसशास्त्रज्ञ मायकल स्टॉर्म्सने १९८० मध्ये दोन्ही ओढ्यांचे वेगवेगळे अक्ष मांडले, तिथे दोन्हीकडे कमी असलेल्यांनाही एक कोपरा मिळाला. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.